डाव्या टोकाच्या झांजा

३ मार्च

पाच्चू मारार सकाळी आला, पायरीवर बसला आणि चहा संपेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. देवळापुढे तीन तास गळ्यातला चेंडा बडवताना हा माणूस थकत नाही, पण सरळ दोन वाक्यं बोलायची म्हटली की याला घाम फुटतो. शेवटी पेला खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, यंदा आपल्या भगवतीच्या पूरमच्या उत्सवाला प्रमाणी मी."

मी उठून मिठीच मारली त्याला. त्याला एकसष्टावं लागलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शेजारी उभा राहून वाजवत आला, आता स्वतः मधोमध उभा राहणार आणि शंभर माणसं त्याच्या काठीकडे बघून वाजवणार. मग त्यानं मुंडूच्या कनवटीतून पेन ड्राइव्ह काढला.

"भाच्यानं भरून दिलंय. मागच्या महिन्यात आम्ही नदीपलीकडच्या देवळात पंचारी वाजवली ना, तीच. पोरगा कोचीत सिनेमाच्या आवाजाचं काम करतो. चहूबाजूंनी पाच माइक लावले होते त्यानं. तू ऐक आणि कोण कुठे ढिला पडतोय ते सांग. तू म्हणशील तशी रांग लावतो."

"तुझ्या भाच्याला विचार की. शिकलेला आहे."

"त्याला यंत्र कळतं. मेळम तुला कळतं."

खोटं कशाला बोलू, छाती फुगली. गणिताचा मास्तर, त्यातून देवस्सी नावाचा ख्रिस्ती माणूस, पण या पंचक्रोशीत चेंडे-झांजांच्या या मेळमवर वाद झाला की लोक शेवटी माझ्याकडे येतात. पंचारी शहाण्णव मात्रांवर सुरू होते, मग अठ्ठेचाळीस, चोवीस, बारा, सहा. पोरांना मी भागाकार त्यावरच शिकवला.

दुपारी कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला. आमचे दोन स्पीकर म्हणजे साबणाच्या वड्या. शंभर माणसांचं मेळम त्यातून असं आलं की कुणीतरी डब्यात वाटाणे हलवतंय. मस्कतहून लेकीचा, रोसिलीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं, तर म्हणाली, "अप्पन, पाच माइकचं आहे तर पाच स्पीकर लागणार आणि एक ढमढम करणारा डबा. चांगल्यातले घ्या. माझ्याकडून."

मला वाटलं आता त्रेस्या आडवी येणार. मिक्सरचं नवं भांडं घ्यायचं तर ही बाई तीन आठवडे विचार करते. पण ती लगेच म्हणाली, "घ्या ना. चांगलेच घ्या. आणि नीट पारखून घ्या, दहा दुकानं फिरलात तरी चालेल." एवढ्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच ऐकलं. कुठेतरी पाणी मुरतंय.

८ मार्च, रविवार

चर्चमधले नवे पाद्री पुटपुटतात. आजच्या प्रवचनातलं मला निम्मंच कळलं. हल्ली सगळेच पुटपुटतात. बँकेतली मुलगी, बसचा कंडक्टर, डावीकडच्या घरातली अन्नम चेडत्ती. माझ्या वर्गात असते तर बाकावर उभं केलं असतं.

उपास चालू आहेत, ईस्टरपर्यंत मासळी-मटण बंद. मला त्याचं फारसं दुःख नाही, कारण खरं सांगायचं तर गेल्या पावसाळ्यापासून या घरात ताजी तारली आलेलीच नाही. का, असं त्रेस्याला विचारलं की ती विषय बदलते. पूर्वी ती जेवायच्या टेबलाला खिडकीशी, माझ्या डाव्या हाताला बसायची. रस्त्यावर मासेवाल्याची सायकल दिसली की हातातला घास टाकून पळायची आणि टोपलीतलं पहिलं तिच्या हाती लागायचं. पावसाळ्यात एक दिवस अचानक उठून माझ्या उजवीकडे, फ्रिजच्या तोंडाशी जाऊन बसली. म्हणे खिडकीतून ऊन डोळ्यांवर येतं. ऐन आषाढात ऊन. आता फ्रिज उघडायचा तर तिला आधी उठावं लागतं. बायकांच्या मनात काय येईल सांगता येत नाही.

११ मार्च

कोचीला जाऊन आलो. बसमध्ये त्रेस्यानं मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः कडेला बसली, येणारे-जाणारे तिला धक्के मारत होते तरी.

दुकान म्हणजे काचेचा महाल. आत थंडी. कोट घातलेल्या विक्रेत्यानं आम्हाला अंधाऱ्या खोलीत नेऊन मऊ खुर्च्यांत बसवलं आणि एक लढाई लावली. बाँब फुटले, घोडे पळाले, काचा पडल्या.

"सर, हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखं वाटलं की नाही?"

"वाटलं. पण माझ्या डोक्यावरून हेलिकॉप्टर जावं अशी माझी काही इच्छा नाही. हे लावा." पेन ड्राइव्ह दिला.

मेळम सुरू झालं आणि मी हात उचलून मात्रा धरली. समोर चेंडे, त्यांच्या मागे झांजांची रांग, पाठीमागे सनईसारखी कुळल आणि शिंगं. अगदी मेळमच्या पोटात उभं असल्यासारखं. अंगावर काटा आला. पण दोन मिनिटांत खटकलं. उजव्या हाताच्या झांजा कशा उन्हात भांडी घासून ठेवावीत तशा लखलखत होत्या, आणि डाव्या टोकाच्या मेलेल्या. आवाज येतोय, पण त्याला धार नाही.

"तुमचा डावा पुढचा स्पीकर खराब आहे," मी म्हटलं.

विक्रेत्यानं जाऊन त्याला कान लावला. "सर, अगदी ठीक आहे. कदाचित खोलीच्या भिंतीमुळे..."

"त्रेस्या, तू सांग."

"मला तर दोन्हीकडून सारखंच येतंय," ती म्हणाली. तिला मी दोष देत नाही. चर्चच्या बँडवर वाढलेली बाई. चहा पिऊन परत आलो.

१४ मार्च

त्रिशूरला जान्सीचं दुकान आहे. माझी जुनी विद्यार्थिनी, भूमितीत हुशार. तिनं माझ्यासाठी तीन सेट मांडून ठेवले होते. पहिला गोड, पण चेंड्यावर काठी पडते तो कडकपणा नाही त्यात. लग्नात वाजवायला बरा. दुसऱ्याचा ढमढम डबा असा की कपाटाच्या काचा थरथरल्या, आणि शिंगांचं तर नावच नाही. तिसरा मात्र खरा. लाकडी, जड, दिसायला मुळीच देखणा नाही, पण कुळल सुरू झाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

आणि तिन्हींचा डावा पुढचा मेलेला.

"जान्सी, तुझ्याकडे तिन्ही सेट एकाच खेपेतले का?"

"नाही मास्तर, तीन वेगळ्या कंपन्यांचे." तिनं उजव्याची वायर डाव्याला लावली, डाव्याची उजव्याला. स्पीकरच अदलाबदल केले. पुन्हा लावलं. पुन्हा डावाच मेलेला. मी म्हटलं, "बघ. याचा अर्थ भरतानाच तसं भरलंय. म्हणजे दोष स्पीकरचा नाही, वाजवणाऱ्याचा."

असा तर्क करता येतो म्हणूनच मी गणित शिकवलं. जान्सी माझ्याकडे बघत राहिली, मग त्रेस्याकडे. दोघी चहा करायला आत गेल्या आणि चांगला अर्धा तास आल्याच नाहीत. बाहेर आली तेव्हा जान्सी म्हणाली, "मास्तर, तिसराच घ्या. याला प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा वाढवता येतो. आणि खुर्ची चाकांची ठेवा, फिरती. सगळीकडे फिरून ऐका."

"फिरून कशाला? मेळम ऐकताना माणूस समोर बघतो."

"तरी ठेवा," ती म्हणाली. भूमितीतली मुलं अशीच हट्टी असतात.

किंमत इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, आणि रोसिलीच्या नवऱ्याला कळायला नको.

१७ मार्च

स्पीकर आले. सोबतच्या पुस्तकात चित्र आहे, कुठला कुठे ठेवायचा ते. मी ते बाजूला ठेवलं. परदेशातल्या माणसाला काय माहीत आमचे लोक कसे उभे राहतात? मी मेळमप्रमाणे मांडणी केली. मधला स्पीकर पाच्चूच्या जागी, दोन बाजूंना चेंडे-झांजा, माझ्या पाठीशी कुळल-शिंगं. ढमढम डबा टेबलाखाली ठेवा म्हणतात. टेबलाखाली कोण चेंडा वाजवतं? समोरच्या रांगेमागे, येशूच्या फोटोखाली ठेवला.

मग डाव्या पुढच्याचा आवाज वाढवला. अजून वाढवला. शेवटी बटण पुढे फिरेना.

संध्याकाळी अन्नम चेडत्ती कुंपणावरून म्हणाली, म्हणजे पहिल्यांदा ती पुटपुटली नाही, "देवस्सी, तुझं पूरम माझ्या घरात भरलंय. भिंतीवरचा सेंट अंतोनी दोनदा तिरका झाला." आणि उजवीकडचे वर्गीस फाटकातून विचारत होते, "मास्तर, स्पीकर घेतलेत म्हणे. लावणार कधी?"

याला म्हणतात शेजार. एकाला जास्त, एकाला कमी.

२१ मार्च

चार दिवस ऐकतोय. डाव्या झांजा आता मोठ्या झाल्या, पण लखलखत नाहीत. ओरडणारा माणूस खरं बोलतोच असं नाही, तसं. आणि त्या टोकाला कोण उभा असतो ते मला माहीत आहे. वेलप्पन नायर. तिथेच, झांजांच्या पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला, तो माझ्या आठवणीपासून उभा आहे. सत्तरी आली. हात थकणारच.

पाच्चूला फोन लावला. "सगळं झकास आहे. फक्त डावं टोक मेलंय. वेलप्पनला मागच्या रांगेत घाल."

त्यानं पलीकडे चेंड्यावर दोन ठोके मारले. मग म्हणाला, "नक्की ना मास्तर? मला शेजारून तसं वाटत नाही."

"पाच स्पीकर लावून ऐकतोय रे."

"बरं. तू म्हणतोस तर."

फोन ठेवल्यावर बरं वाटलं नाही. पण मेळम म्हणजे मेळम. तिथे दयामाया करून चालत नाही. त्रेस्या दारात उभी होती. "काय सांगितलंत त्याला?" म्हणून विचारलं. सांगितल्यावर तोंडावर पदर धरून उभी राहिली, काहीतरी बोलायला आल्यासारखी, आणि मग "भात लागतोय" म्हणून आत गेली. भात लागल्याचा वास काही मला आला नाही.

२८ मार्च, शनिवार

उद्या ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, म्हणून त्रेस्या आज गूळ-खोबऱ्याची कोळुक्कट्टा वळत होती. तेवढ्यात खांद्यावर अख्खा फणस घेऊन वेलप्पन आला.

"मास्तर, पाच्चूनं मला मागच्या रांगेत घातलंय," तो हसतच म्हणाला. "म्हणतो, जरा हवापालट. आता मला सांगा, झांजवाल्याला कसली आलीय हवापालट? तुम्ही एक शब्द टाका ना. तुमचं ऐकतो तो."

मी "बघू" म्हटलं. तो स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या उजव्या अंगाला उभा होता. त्रेस्याच्या पातेल्यांवरची दोन पितळी झाकणं त्यानं उचलली आणि म्हणाला, "बघा, हात थकलेत का माझे." आणि वाजवली.

देवाशप्पथ, झाकणांवर एवढा स्वच्छ ठोका मी ऐकला नव्हता. त्रेस्याचे पिठाचे हात थांबले. मी मनात म्हटलं, स्वयंपाकघरात सगळेच बरे वाजवतात.

तो गेल्यावर त्रेस्या म्हणाली, "फणस परत करायला हवा होता तुम्ही." कोळुक्कट्टा एक खाल्ली, दोन तिच्या मनासाठी.

५ एप्रिल, ईस्टर

पहाटेची प्रार्थना, मग अप्पम आणि बदकाची कढी. रोसिली फोनवर नातवाला नाचवून दाखवत होती. दिवस चांगला गेला. पाच्चू दरवर्षी ईस्टरला केक खायला येतो, आज आला नाही. निरोप पाठवला, तालीम आहे म्हणून.

६ एप्रिल

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी मेळम लावलं तर मागच्या एका स्पीकरमधून आवाज येईना. वायर सैल झाली असणार. चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या मागे वळलो आणि वाकून वायर खोचली. मेळम चालूच होतं. आणि तेवढ्यात झांजा लखलखायला लागल्या. वेलप्पनच्या झांजा. तोच ठोका, परवाच्या पातेल्यांच्या झाकणांवरचा. मला एवढा आनंद झाला की मी ओरडलो, "त्रेस्या, सापडलं, वायर सैल होती."

खुर्ची वळवून पुन्हा समोर तोंड केलं. मेल्या.

पुन्हा पाठमोरा झालो. जिवंत. आणि आता दुसऱ्या बाजूच्या, इतके दिवस लखलखणाऱ्या, त्या मेलेल्या. पुन्हा वळलो. असं किती वेळा केलं माहीत नाही. जो माझ्या उजव्या हाताला तो जिवंत, डाव्या हाताला तो मेलेला, मग तो कुठलाही असो.

स्पीकर जागचे हलले नव्हते. खोली हलली नव्हती. हललो होतो मी एकटा. एवढं गणित सुटायला शिक्षक असावं लागत नाही, आणि मला ते सुटायला महिना लागला.

मी कॉम्प्युटर बंद केला. त्रेस्या दारात येऊन उभी होती. तिनं विचारलं नाही काय सापडलं म्हणून.

८ एप्रिल

त्रिशूरला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. टोपीसारखं काहीतरी घालून बारीक-बारीक शिट्ट्या ऐकवल्या. उजव्या कानाला सगळ्या आल्या. डाव्याच्या वेळी मी वाट बघत बसलो, मग कळलं की परीक्षा संपलीसुद्धा. बाई म्हणाल्या, डाव्याचे जाड आवाज आहेत, बारीक गेले. झांज, शिट्टी, बायकांचं बोलणं. परत यायचे नाहीत, यंत्रानं थोडी मदत होईल.

"केव्हापासून?" त्यांनी मला विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून," त्रेस्यानं उत्तर दिलं. जराही विचार न करता.

बाहेर बाकावर येऊन बसलो. "तुला माहीत होतं?"

"मला, अन्नम चेडत्तीला, फादरना. जान्सीला तर पहिल्याच सेटला कळलं."

"आणि कुणी मला सांगू नये?"

"तुम्हाला कोण सांगणार? कान-कान म्हणून गावभर मिरवता. मी एकदा म्हटलं होतं, डॉक्टरकडे जाऊ या, तर म्हणालात लोक पुटपुटतात." मग म्हणाली, "माणसांचं तुम्ही ऐकत नाही. म्हटलं यंत्राचं तरी ऐकाल. म्हणून हो म्हटलं स्पीकरना. आणि यंत्राचंसुद्धा ऐकलं नाहीत, बिचाऱ्या वेलप्पनवर घातलंत. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. माझीही चूक झाली."

तिचे डोळे भरले होते. मला रागवायचं होतं, पण कुणावर? मग तिनं पिशवीतून केळ्याचे काप काढले आणि आम्ही ते खाल्ले.

९ एप्रिल

रात्र वाईट गेली. चाळीस वर्षं माझी जी ओळख होती ती अर्धी गेली. दुकानातली, पोस्टातली माणसं मला 'मेळमवाले मास्तर' म्हणतात. आता काय म्हणणार? पण ते नंतर. पूरम दोन आठवड्यांवर आहे आणि तिथे एक चांगला माणूस माझ्यामुळे मागच्या रांगेत उभा राहणार आहे. आजच जायला हवं होतं. गेलो नाही. उद्या.

१० एप्रिल

पाच्चू अंगणात बसून चिंचेच्या काठ्यांनी दगडावर हात साफ करत होता. मी सगळं एका दमात सांगितलं. त्याच्या काठ्या थांबल्या.

"म्हणजे झांजा मेल्या नव्हत्या."

"नाही."

"तुझा कान मेला होता."

"हो."

"आणि मी गाढव." तो उठला. एवढं बोललेला पाच्चू मी कधी पाहिला नव्हता. "मला ऐकू येत होतं रे. माझ्या जवळच उभा असतो तो. मला ऐकू येत होतं की तो चोख आहे, तरी मी माझ्या कानावर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला. पूरमला मधोमध मी उभा राहणार, आणि कोण कसा वाजवतोय ते विचारायला तुझ्या घरी."

मी मान खाली घालून ऐकलं. सगळं नीट ऐकू येत होतं, तो उजवीकडेच होता. शेवटी तो दमला आणि पुन्हा दगडाशी बसला. "एका अर्थी बरं झालं," काठ्या उचलत म्हणाला. "प्रमाणी झाल्यावर असं विचारत फिरायचं नसतं, हे कुणीतरी शिकवायला हवंच होतं. वेलप्पनला पुन्हा पुढे घेतो. पण का मागे घातलं होतं, ते तू सांगायचं. मी नाही."

तिथून तसाच वेलप्पनकडे. तो नारळ सोलत होता. म्हटलं, "वेलप्पा, तुला मागे घालायला मीच सांगितलं होतं. माझा डावा कान गेलाय, मला कळलं नाही, आणि मी तुझ्यावर ढकललं. तू फणस घेऊन आलास तेव्हासुद्धा बोललो नाही."

तो आत गेला, झांजा घेऊन आला, माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि हलकेच वाजवल्या.

"आलं ऐकू?"

"भांडं पडल्यासारखं काहीतरी."

"बरं." झांजा खाली ठेवून त्यानं माझ्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि हलक्या आवाजात, अगदी सावकाश, बराच वेळ बोलत राहिला. शब्द एकही कळला नाही, पण त्याची सून घरात निघून गेली, त्यावरून अंदाज आला. मोकळा झाला तसा वळसा घालून उजवीकडे आला.

"चहा घेणार ना मास्तर?" म्हणाला.

मला हसू आलं, तो पण हसला. मग मला एकदम रडूच आलं. त्याच्या सुनेनं चहाबरोबर पिकलेल्या फणसाचे गरे आणून ठेवले.

१५ एप्रिल

जान्सी येऊन सगळे स्पीकर सारखे करून गेली. डबाही पुस्तकातल्या जागी ठेवला. अन्नम चेडत्तीचा सेंट अंतोनी सरळ झाला आणि वर्गीस म्हणाले, "अरे वा, लावलेत वाटतं स्पीकर."

मी जान्सीला म्हटलं, "फिरती खुर्ची घ्या म्हणालीस ती यासाठी?"

"तुम्हीच शिकवलंत मास्तर. उत्तर आयतं द्यायचं नाही, पोरानं स्वतः सोडवायचं."

२३ एप्रिल, पूरम

नेहमी मी पाच्चूसमोर मधोमध उभा राहतो. आजही तिथेच गेलो, इतक्यात वेलप्पननं रांगेतून खूण केली. त्याच्याही पलीकडे, अगदी डाव्या टोकाला ये म्हणून. तिथून समोर तोंड केलं की अख्खं मेळम माझ्या उजव्या हाताला. इतक्या वर्षांत तिथे उभं राहायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या टोकाला उपरे उभे राहतात, असं मीच लोकांना सांगत आलो.

पाच्चूनं पहिली काठी मारली. शहाण्णववर तो जरा घाबरलेला होता, चोवीसवर आला तोवर पुरता स्वतःचा झाला होता. एकदा आमच्या टोकाकडे वळून त्यानं भुवई उचलली आणि वेलप्पननं झांजा अशा उघडल्या की गर्दीतून एक हुंकार आला. मला सगळं ऐकू आलं का? नाही. काय ऐकू येत नाही ते कळलं, आणि जे येत होतं ते पोटभर घेतलं. सहावर आल्यावर हजारभर हात वर होते. त्यात माझा होता, आणि शेजारी वेलप्पनच्या सुनेचा.

मेळम संपल्यावर घामानं न्हालेला पाच्चू आला. "कसं झालं?" त्याच्या तोंडून सुटलंच. मग जीभ चावून म्हणाला, "नको. मला माहीत आहे."

२४ एप्रिल

सकाळी न्याहारीला त्रेस्या नेहमीप्रमाणे फ्रिजच्या तोंडाशी बसली. मी माझी थाळी उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे पाठ करून बसलो. तिथे इतकी वर्षं फक्त लोणच्याच्या बरण्या बसत होत्या.

"हे काय आता?" ती म्हणाली.

"इकडून खिडकी माझ्या उजव्या हाताला येते."

तिला कळायला क्षणभर लागला. मग ती उठली, थाळी घेतली आणि खिडकीशी तिच्या जुन्या जागी येऊन बसली. खुर्ची जरा इकडे-तिकडे सरकवून बघितली. बराच वेळ बाहेर रस्त्याकडे बघत होती, चेहरा मला दिसत नव्हता.

"ऊन येतंय का डोळ्यांवर?" मी विचारलं.

"येऊ दे," ती म्हणाली. मग आवाज अजिबात न चढवता, स्वतःशी बोलल्यासारखी, "मासेवाला आला. तारली ताजी दिसतेय."

मला ऐकू आलं. "जा मग लवकर," मी म्हटलं.